शिंग न फुंकता आलेला माणूस

विथिगहॅमचा मठ, केंट
तणमास, नव्या पावाच्या सणानंतरचा गुरुवार

हेरेवाल्डा,

देवाची कृपा, संतांचे आशीर्वाद वगैरे मजकूर तू मनातल्या मनात वाचून घे. वासराचं कातडं महाग झालंय आणि मला तुला एकच गोष्ट विचारायची आहे. हुनोल्ड नावाचा माणूस तू पाठवलास का?

हो की नाही, एवढंच कळव. पोप्पो व्यापारी लोकर घेऊन तुमच्या किनाऱ्याला निघालाय, त्याच्याजवळ हे देते आहे. परतीच्या फेरीत त्याला तुझा एक शब्द मिळाला तरी पुरे.

झालं असं. गेल्या आठवड्यात भर दुपारी कुरणामागच्या पाणथळीतून, मांडीपर्यंत चिखलात बुडालेला एक माणूस वर आला. वाट सोडून. हाक नाही, शिंग नाही. तू समुद्र ओलांडून बारा वर्षं झाली, तरी आपला कायदा विसरला नसशील. परका माणूस वाट सोडून चालला आणि ओरडला नाही, शिंग फुंकलं नाही, तर तो चोर. त्याला मारला तरी कोणी जाब विचारत नाही. आपल्या बोलीत आजवर कातड्यावर काही उतरलं असेल तर ते एवढंच: कोणाचा दात पाडला तर दंड काय, आणि शिंग न फुंकणाऱ्याचं करायचं काय. बाकी देवाचं, शहाणपणाचं, प्रेमाचं सगळं लॅटिनमध्ये. हे पत्रसुद्धा. लॅटिनमध्ये धड भांडताही येत नाही, हे तुझं नशीब.

डुड्डा कारभाऱ्याच्या माणसांनी कायदा पाळला, म्हणजे त्याला आधी झोडपलं आणि मग मला बोलावलं. मी गेले तोवर त्याचा पाय मोडला होता. तरी तो ओरडत नव्हता. मला तेच आधी खटकलं.

"शिंग फुंकलंस का रे?" डुड्डानं विचारलं.

"नाहीं."

"हाक तरी मारलीस?"

"नाहीं."

"घ्या बाई! सोताच्या तोंडानं कबूल करतोय. आता काय इचारायचं ऱ्हायलं?"

तेवढ्यात त्यानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मी काही बोलेन म्हणून वाट बघत असल्यासारखा. मी कशाला बोलते? मग तोच म्हणाला, "तुम्ही हेरेवाल्डाची बहीण. हेरेवाल्डास मुलगी तिकडे हवी. विन्ने. मज तिजला नेणें आहे."

मुलीचं नाव त्याच्या तोंडून ऐकलं आणि मी घाबरले, हे तुला सांगायला हरकत नाही. डुड्डाला मी दिसू दिलं नाही.

आता तूच सांग. चार वर्षांची पोर माझ्या पदरात टाकून तू गेलास. तिची आई मेली तेव्हा तू रडलास, आणि महिन्याभरात तुला समुद्रापारच्या परक्या लोकांचे आत्मे तारायचं आठवलं. मी तुला किनाऱ्यावर काय बोलले ते मला पाठ आहे आणि त्यातला एक शब्द मी मागे घेत नाही. तुझं हे नेहमीचंच. लहानपणीही बाहेर पडलास की दार सताड उघडं. वारा आत, धूर घरभर, आणि अंथरुणातून पुन्हा तूच ओरडणार, "ताई, दार लाव!" बारा वर्षं मी हे दार लावून बसले आहे. आणि आता तू एक लंगडा चिखल्या पाठवणार आणि मी मुलगी त्याच्या हाती देणार?

त्याच्याकडे पत्र नाही. अंगठी नाही. तोंडी निरोप धाडताना हातात खूण द्यायची असते, हे काय मी तुला शिकवायचं? शिवाय माणूस विचित्र आहे. डगला उलटा घालून आलाय, आतली बाजू बाहेर. डोक्यावरचं फडकं काढत नाही. पहिले तीन दिवस नुसतं पाणी प्याला. शेकोटीजवळ बस म्हटलं तर लांब कोपऱ्यात जाऊन बसला. आमचं मीठ खायला तयार नसलेल्या माणसाच्या मनात काय असतं, ते मला चांगलं ठाऊक आहे.

डुड्डाला मी थांबवून धरलंय. मठाच्या जमिनीवर रक्त नको, म्हटलं, समुद्रापारचा जबाब येऊ दे. तेव्हा जबाब पाठव.

तुझी बहीण
हेरेगिथ


रक्तमास, कापाकापीचे दिवस

हेरेवाल्डा,

तुझा जबाब आला नाही. पोप्पो म्हणतो, किनाऱ्यावरच्या बाजारात त्यानं पत्र एका ओळखीच्या माणसाच्या हाती दिलं, तो आत तुमच्या गावाकडे जाणार होता. व्यापाऱ्याचा ओळखीचा माणूस! म्हणजे माझं पत्र आज कुठल्या तरी चीजच्या गोळ्याला गुंडाळलेलं असेल. तरी हे दुसरं त्याच्याच हाती देते आहे. थंडी पडण्याआधीची शेवटची बोट आहे आणि माझ्यापुढे दुसरा इलाज नाही.

अंगणात डुकरं कापणं चाललंय, मठातल्या सगळ्या बहिणी कोपरापर्यंत मिठात आहेत. आणि तुझी लेक कुठे आहे? कोठारात. त्या माणसाला पाव आणि वाम मासा द्यायला गेली की परत यायचं नाव नाही.

हो, आता तो जेवतो. भरपूर जेवतो. पाय सांधला गेलाय, पण वाकडा. बसल्या बसल्या टोपल्या विणतो आणि त्या चांगल्या असतात, हे मला अजिबात आवडलेलं नाही. अशानंच माणसं विश्वास ठेवू लागतात.

आणि त्याचं बोलणं. हेरेवाल्डा, तू मला हे कधी लिहिलं नाहीस. मला वाटलं होतं तिकडचे लोक रेकतात की काय. हा बोलतो तर असं वाटतं की आपली पणजी चुलीपाशी बसून बोलते आहे. दगड, पाणी, भाऊ, बहीण, दार, वारा, सगळं आपलंच. दगड म्हणताना तो तोंड आवळतो आणि आपण आ वासतो, एवढाच काय तो फरक. मध्येच एखादं वाक्य धुक्यात गेल्यासारखं होतं आणि पुन्हा बाहेर येतं. आपले पूर्वज ज्या किनाऱ्यावरून होड्यांत बसले, तिथेच मागे राहिलेल्यांची ही पोरं. या बेटावर आधीपासून राहणाऱ्यांना आपण आल्या आल्या 'परके' ठरवलं, आणि गुलामालाही तोच शब्द वापरतो. मग आता याला काय म्हणायचं? डुड्डाला अडचण नाही. तो चोर म्हणतो.

विन्ने मात्र खुळावली आहे. दोघं कोडी घालतात. काल तिचं हसणं मला थेट मिठाच्या पिंपापर्यंत ऐकू आलं.

"आत्या, मी कोडं आपल्या बोलीत घातलं आणि त्यानं त्याच्या बोलीत सोडवलं! मध्ये कोणी सांगायला लागलं नाही."

"त्यात काय मोठंसं? कुत्र्यालाही आपली बोली कळते."

"तू त्याच्याशी एकदा तरी नीट बोल ना. नुसती दारात उभी राहून डोळे वटारतेस."

"कारण मला दोन गोष्टी ठाऊक आहेत, ज्या तुला नाहीत."

त्यातली एक गोष्ट तुला सांगते. पोप्पोनं मला सांगितलं, नजर चोरत सांगितलं, की तिकडच्या बाजारात आपल्या मुलींना गिऱ्हाईक असतं. गोऱ्या, शिवणकाम येणाऱ्या, सांगितलेलं चटकन कळणाऱ्या. मठातली मुलगी तर लिहिती-वाचती. आता हा माणूस पत्राशिवाय, खुणेशिवाय, मागच्या बाजूनं येतो आणि नेमकं विन्नेचं नाव घेतो. नाव कळायला काय लागतं? तू तिकडे चारचौघांत मुलीचं कौतुक केलंच असशील. तुझ्या तोंडाला झाकण कधी होतं?

दुसरी गोष्ट मला अजून नीट ठाऊक नाही, नुसती टोचते आहे. रविवारी प्रार्थनेनंतर त्यानं मला अडवलं.

"बाई, हेरेवाल्ड सांगतो, डोक्यावर पाणी घेतलें की मरण नाहीं. हें खरें का?"

"खरं नाही तर आम्ही इथे काय कांदे सोलायला बसलोय?"

"मग ज्यानें पाणी घेतलें, तो आहेच?"

"आहेच."

त्यानं मान हलवली, माझ्याकडे पुन्हा तसंच बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, "मग ठीक. म्हणून तुम्ही अशा शांत." आणि लंगडत निघून गेला. हा काय प्रश्न झाला? हातून काही भलतं घडलेला माणूसच मरणाबद्दल असा खोदून विचारतो.

विन्ने मला रोज विचारते, बाबांचा जबाब कधी येणार. मी सांगते, बाबा कामात आहेत. तुझ्या वतीनं मी खोटं बोलते आहे, लक्षात ठेव.

हेरेगिथ


चिखलमास

हेरेवाल्डा,

बोट नाही, समुद्र उसळलाय, हे पत्र कोणाच्या हाती द्यायचं ते ठाऊक नाही. तरी लिहिते आहे, नाही तर डोकं फुटेल.

हुनोल्ड तापानं पडला. विन्नेनं त्याचा डगला धुवायला काढला आणि माझ्यापुढे आणून टाकला. "आत्या, हा बघ ना, किती सुंदर काठ आहे. आतल्या बाजूला आहे म्हणून कधी दिसलाच नाही."

निळा आणि तांबडा काठ. मध्येच एके ठिकाणी नक्षी चुकलेली, कारण तेव्हा तू शेजारी बसून मला हसवत होतास. हा काठ मी विणला आहे, हेरेवाल्डा. हा डगला तुझा आहे.

तो उलटा का घालत होता, ते आता कळलं. काठ लपवायला!

मी विन्नेला काही बोलले नाही. डगला पेटीत टाकून कुलूप लावलं. त्याला दुसरं घोंगडं दिलं, तर तेही त्यानं उलटं करूनच पांघरलं. तापात तुझं नाव घेत होता. डुड्डाला सांगून मी कोठाराबाहेर पहारा बसवलाय आणि विन्नेला तिकडे जायची बंदी केली आहे. ती माझ्याशी बोलत नाही. न बोलू दे.

तू दिलास ना तो डगला? थंडी होती, याच्या अंगावर काही नव्हतं, आणि तू आपला काढून दिलास. तू तसा आहेसच, दुसऱ्याच्या कष्टाची वस्तू वाटून मोकळा होणारा. दिलास म्हण. मी रागावणार नाही.


ईस्टरमास, सणानंतरचा मंगळवार

हेरेवाल्डा,

पोप्पो आला. माझी दोन्ही पत्रं परत घेऊन आला.

"बाई, मी काय करू? तिकडचा एक माणूस आला, मागल्या शेतातून, चिखल तुडवत. दोन्ही पत्रं माझ्या गाडीवर ठेवली न् गेला. एक शब्द बोलला नाही. मी म्हटलं, अरे बाबा, हेरेवाल्डाला दिलीस का? तर नुसता बघत राहिला. काय एकेक लोक असतात!"

मी पत्रं उलटीपालटी केली. मेण फुटलेलं नाही. तू ती वाचलीच नाहीस. म्हणजे तिथेही तू नाहीस, आणि इथे तुझा डगला आहे. मला गणित येत नाही असं तू नेहमी म्हणायचास, पण एवढं येतं.

परवा गावसभा आहे. डुड्डा म्हणतो, आता जबाबाची वाट बघून झाली, झाड ठरलंय. हुनोल्डाच्या बाजूनं शपथ घ्यायला इथे ना त्याचा भाऊ, ना काका, ना शेजारी. एकट्या माणसाच्या शपथेला चार दमड्यांची किंमत नाही. विन्ने म्हणते, मी घेते शपथ. मी म्हटलं, तुझी शपथ कोणी मोजत नाही. तेव्हा ती म्हणाली, "पण तुझा शब्द मोजतात ना. मठाच्या मुख्य बाईचा शब्द शपथेविना चालतो, हाही कायदाच आहे. तूच शिकवलास."

शिकवलं हे खरं आहे. म्हणून आता सगळं माझ्या जिभेवर आलंय. मी म्हटलं, हा हेरेवाल्डाचा माणूस, तर तो सुटतो आणि विन्ने त्याच्याबरोबर जाते. तिनं गाठोडंसुद्धा बांधलंय, मी पाहिलं. मी गप्प राहिले तर संध्याकाळपर्यंत तो फांदीला लटकलेला असेल. त्यानं तुला मारलं असेल तर हेच बरं. आणि नसेल मारलं तर?

जिवंत असशील तर अजूनही एक दिवस आहे. ये. वाटेनं ये, शिंग फुंकत ये.


तीन धारांचा महिना, गाई कुरणात सोडल्यावर

माझ्या भावा,

हे पत्र आपल्या बोलीत लिहिते आहे. असं कोणी केल्याचं मी ऐकलेलं नाही. रोमची अक्षरं आपल्या तोंडाला पुरत नाहीत. तुझ्या लेकीच्या नावाचा पहिला उच्चारच त्यांच्याकडे नाही. तिथे मी दगडावर कोरायची जुनी खूण घातली, जिचं नावच आनंद आहे. लॅटिन शिकलेल्या बहिणी नाकं मुरडताहेत. मुरडू देत. तू लॅटिन वाचायला आता उरला नाहीस, आणि विन्ने हे मोठ्यानं वाचणार आहे. भोवती तिकडच्या बायका बसलेल्या असतील. त्यांना कळायला हवं.

सभेत काय झालं ते ऐक.

ओकच्या झाडाखाली सगळे जमले होते. डुड्डानं दोर आणलाच होता, नवाकोरा. हुनोल्ड मध्ये उभा होता, अंगावर उलटं घोंगडं. डुड्डानं तेच पुन्हा विचारलं, वाट सोडलीस का, हाक मारलीस का, शिंग फुंकलंस का, आणि त्यानं तशीच उत्तरं दिली. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातात तुझा डगला होता. मी तो सगळ्यांना दाखवणार होते आणि म्हणणार होते, या माणसाला मी ओळखत नाही.

पण माझा स्वभाव तुला माहीत आहे. मी संशय घेते तर पुरा घेते. उभी राहिले आणि शेवटची एक शंका आली. चोर मागच्या बाजूनं येतो ते कोणाला दिसू नये म्हणून. हा मागून आला आणि भर दुपारी सरळ माझ्या दारापुढे येऊन उभा राहिला. डगला चोरला, तर तो मालकाच्या बहिणीकडे घालून कशाला येईल? नऊ महिने आम्ही त्याला एकच विचारत होतो, शिंग फुंकलंस का. पुढचा प्रश्न कोणाच्याच तोंडी आला नव्हता. इथे तो येतच नाही. शिंग न फुंकणारा चोर, यात विचारायचं काय?

मी म्हटलं, "का नाही फुंकलंस?"

हेरेवाल्डा, त्या माणसाचा चेहरा असा सैल पडला! त्यानं डोक्यावरचं फडकं काढलं, घोंगडं काढून सुलटं केलं आणि मोडक्या पायानं माझ्यासमोर गुडघे टेकले.

"आतां विचारिलें," तो म्हणाला. "बाई, मेल्याची बातमी आणणाऱ्यानें जित्यांची वाट वापरूं नये. शिंग फुंकूं नये. डगला मेल्याचा घालावा, तो उलटा. घरच्यांनीं 'कां' असें विचारल्याविना त्याचें जाणें बोलूं नये. आमच्याकडे पोरही विचारतें. मी दारांत उभा राहिलों, तुम्ही विचारिलें नाहीं. मज वाटलें, न विचारतांच कळलें. रडलां नाहींत. मग तुम्ही म्हणालां, पाणी घेतलें तो आहेच. तेव्हां मीही तसेंच बोलत राहिलों."

मी काय बोलले ते मला आठवत नाही. विन्ने सांगते, मी नुसतं "कधी?" असं विचारलं.

मागच्या वसंतात. दलदलीचा ताप. त्याच्याच घरात, त्याच्या बायकोच्या अंथरुणावर. पोप्पोच्या गाडीवर पत्रं परत ठेवणारा त्याचाच भाऊ, हे हुनोल्डानं वर्णनावरून ओळखलं. त्यानंही आपल्या परीनं सांगितलं होतं, आणि आम्ही त्यालाही अडाणी म्हणून मोकळे झालो.

पण मी मीच आहे. तिथेही म्हटलं, "ताप होता कशावरून? डगला तर कोणीही काढून घेईल."

डुड्डासुद्धा म्हणाला, "बाई, आता ऱ्हाऊ द्या की."

हुनोल्ड रागावला नाही. म्हणाला, "शेवटचे दिवस त्यास लॅटिन राहिलें नाहीं. प्रार्थना विसरला. तुमचीच बोली बोले. आम्ही सारे भोंवतीं बसलेले, आम्हांस शब्द नि शब्द कळे. एकच बोलणें पुनः पुनः. दार लाव, ताई. वारा येतो. माझी बायको उठून दार लावी. तरी तो म्हणे, दार लाव, ताई."

त्यानं ते त्याच्या बोलीत म्हटलं, आवळलेल्या तोंडानं. आणि ओकखालच्या सगळ्या माणसांना ते कळलं. गुराख्यांना, लोहाराला, डुड्डाच्या दांडगटांना, सगळ्यांना. दार आणि वारा आणि ताई. कोणाला काही सांगावं लागलं नाही.

हे मी कोणाला कधी बोलले नव्हते. विन्नेलाही नाही. ते फक्त तुझं आणि माझं होतं.

डुड्डानं टोपी काढली. दोर पायानं मागे सारला आणि खाली बघत पुटपुटला, "आमच्या आज्याचा आजाबी त्याच किनाऱ्यावरनं आलेला म्हणं. मग आमी हे इसरलो कसं?" शब्द सगळे बरोबर आणले आपण, होडीत नीट बांधून. एवढी एक रीत मात्र तिथेच राहिली, आणि तिच्यापायी मी एका भल्या माणसाचा पाय मोडू दिला आणि तुझं सुतक नऊ महिने पाळलं नाही.

मी माझा शब्द दिला. "हा माझ्या भावाचा माणूस." एवढंच म्हणायचं होतं. तेवढं मी दोनदा म्हटलं.

मग खूप रडले. रागानंही रडले. तू गेलास, आणि मी मात्र तुला शिव्या घालणारी पत्रं लिहीत बसले होते. ती तीनही आणि सणानंतरचं चौथं, सगळी विन्नेच्या गाठोड्यात आहेत. तुझ्या उशाशी पुरायला सांगितली आहेत. वाचून दाखवू नकोस म्हटलंय, लॅटिन फार वाईट आहे.

ती जाते आहे, हेरेवाल्डा. तुलाच ते हवं होतं, असं हुनोल्ड सांगतो, आणि आता मी त्याचं खरं मानते. तिकडच्या बायका विचारतात, हेरेवाल्ड सांगायचा ते पुढे कोण सांगणार, आणि परक्या भाषेतलं त्यांना नको. मी तिला म्हटलं, तू गेलीस तर मी एकटी उरेन. ती म्हणाली, "आत्या, तू म्हण, मी राहते." मला म्हणता येत होतं. तोंडापर्यंत आलं होतं. पण ती राहिली असती आणि रोज त्या पाणथळीकडे बघत बसली असती, तुझ्यासारखीच.

आता ऐकणाऱ्या बायांनो, तुमच्याशी बोलते. मी हेरेवाल्डाची थोरली बहीण. मी तुम्हाला ओळखत नाही आणि न ओळखणाऱ्यांवर मी विश्वास ठेवत नाही, हे तुम्हाला आतापावेतो कळलंच असेल. ज्या बाईनं उठून माझ्या भावासाठी दार लावलं, तिच्यापुढे मात्र माझी मान खाली आहे. मुलीला नीट जेवू घाला. भूक लागली तरी ती सांगत नाही. तिला विचारत जा. हसली तरी विचारा, गप्प बसली तर दोनदा विचारा. मी तिथे नाही.

आणि पुढे कधी तिची वाईट बातमी आणायची वेळ आली, तर तुमची रीत तुमच्याकडे ठेवा. पाणथळीतून कोणी येऊ नका. वाटेनं या, शिंग फुंकत या, डगला सुलटा घाला. मी म्हातारी बाई, तेवढा वेळ मला फसवा.

उद्या सकाळी ती निघेल. माझं शिंग तिला दिलंय आणि प्रत्येक वळणावर फुंक म्हणून बजावलंय. कायदा आहे, म्हटलं. ती हसली, तिला कळलं.

संध्याकाळ झाली आहे, पाणथळीवरून वारा सुटलाय आणि चुलीचा धूर घरभर फिरतो आहे. बहिणी सारख्या म्हणतात, बाई, दार लावा. नाही लावत मी. येऊ दे.

तुझी ताई
हेरेगिथ